पायाशी येणारी झळ : 1972 ची एमजीबी जीटी, मे ते ऑगस्ट 2024

18 मे, शनिवार

गाडी एमजीबी जीटी, इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार, 1972 चं मॉडेल. अमेरिकेसाठी बनलेली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, बाहेर गडद हिरवा रंग आणि आत सगळं काळं. आम्ही फॉल्समला राहतो, कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला. जुलैत इथे पारा चाळिशी ओलांडतो. गाडीला एसी नाही. मागच्या उन्हाळ्यात मी ती तीन महिने झाकून ठेवली, कारण वीस मिनिटांनंतर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवणं नको व्हायचं. यंदा झाकायची नाही असं ठरवलं आहे, आणि असाच त्रास असलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून रोजचं काम इथे लिहून ठेवते आहे.

उजवाच पाय का भाजतो, तर या इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या बाजूला आहे. इंग्लंडच्या गाडीत त्या बाजूला शेजारचा माणूस बसतो, इथे ड्रायव्हर. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवरून खाली उतरणारा पाइप माझ्या पायापुढच्या पत्र्याच्या अगदी जवळून जातो.

मोजमाप असं: घर ते प्लासरव्हिल, हायवे 50, साधारण 40 किमी आणि जवळपास सगळा चढ. दुपारी तीनला निघायचं, पोचल्यावर लगेच आकडे घ्यायचे. एक ॲक्सिलरेटरच्या पॅडलपाशी हवेचा, एक गिअर लिव्हरच्या बुडाशी. रोजचं ऊन सारखं नसतं, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश जास्त तेवढंच धरायचं.

आजचे आकडे: बाहेर 36, पॅडलपाशी 58, गिअर लिव्हरच्या बुडाशी 63. म्हणजे 22 आणि 27 जास्त.

25 आणि 26 मे

सीट, कार्पेट, मधला कन्सोल काढला. फॉइल लावलेले ब्यूटाइल रबराचे चिकट मॅट आणले, चाळीस चौरस फूट, 170 डॉलर. जमीन, टनेल (दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा) आणि पायापुढचा पत्रा एसीटोनने पुसून, रोलर फिरवून, एकही बुडबुडा न ठेवता चिकटवले. दोन दिवसांचे मिळून चौदा तास. बोटांना फॉइलने कापलं, हातमोजे घालाच.

संध्याकाळी इंजिन तापवून, दुरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने पाहिलं. काल जिथे 57 दिसत होते तिथे 41! मी घरात जाऊन सगळ्यांना सांगून आले.

1 जून

चाचणी. पॅडलपाशी बाहेरपेक्षा 20 जास्त. म्हणजे 170 डॉलर आणि चौदा तासांत दोन अंश.

मग गनवर 41 कसे आले? चकचकीत फॉइल स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, आणि इन्फ्रारेड गन तेवढंच पाहते. फॉइलवर इन्सुलेशनची काळी टेप दोन इंच चिकटवली आणि टेपवर गन धरली: 55. शेजारच्या उघड्या फॉइलवर तेव्हाही 41 च. टेकवून तापमान मोजणारा तारेचा थर्मोकपल लावून पाहिला, तो टेपच्या बाजूने बोलला. इथून पुढे सगळं थर्मोकपलवर. गन वापरायचीच असेल तर आधी काळी टेप लावा.

दुसरी चूक जास्त मोठी. हे मॅट पत्र्याची थरथर थांबवतात. दार लावल्याचा आवाज आता जाड, घट्ट येतो आणि ते मला आवडलंही, पण उष्णता त्यातून आरामात पार होते. फॉइल उष्णता परतवतं ते त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तर. मी त्यावर कार्पेट दाबून बसवलं, तेव्हा त्या चकाकीचा काही उपयोग उरला नाही.

8 जून

बाबा सोलापूरहून आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. विमानाचा शीण उतरायच्या आत त्यांनी गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. दुपारी त्यांना शेजारच्या सीटवर बसवून एल डोराडो हिल्सपर्यंत नेलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

"हे म्हणजे बॉनेटवर बसून अक्कलकोटला गेल्यासारखं झालं," म्हणाले. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी झाकणाखाली असायचं. गर्दीच्या दिवशी त्या झाकणावर गोधडी टाकून माणसं बसायची.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पत्रा तापतोय की वारा येतोय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"वारा येत असेल तर तू कितीही गाद्या घाल. आधी भोकं शोध."

रात्री गॅरेजचे दिवे घालवले. बाबा आत पायाच्या खोबणीत टॉर्च घेऊन बसले, मी इंजिनाच्या बाजूने पाहत होते. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि आतली जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, उजेडाचे नऊ ठिपके दिसले. स्टिअरिंग कॉलम जिथून आत येतो तिथे तर पूर्ण अर्धचंद्र.

मग उलट तपासणी. दारं-खिडक्या बंद, इंजिनाच्या बाजूला मोठा पंखा फायरवॉलकडे तोंड करून लावला, आणि मी आत देवघरातली उदबत्ती घेऊन बसले. जिथे फट नाही तिथे धूर सरळ वर जातो. गिअर लिव्हरपाशी तो एकदम आडवा झाला आणि माझ्या तोंडावर आला. टनेलच्या उजव्या अंगाला, जिथे टॉर्चने काहीच दाखवलं नव्हतं, तिथेही आडवा. तिथला माझा नवा मॅट हाताला पोटासारखा फुगलेला लागला. सुरीने कापला तर खाली दोन इंचांची दोन आरपार भोकं. जुन्या कुठल्या तरी मालकाने बाजारातला एसी बसवला असणार, त्याच्या नळ्यांची. एसी काढला, भोकं तशीच ठेवली, वर कार्पेट टाकलं. मी त्यावर मॅट चिकटवून रोलरही फिरवला होता.

9 जून

आज फक्त बुजवाबुजवी. एसीच्या भोकांवर ॲल्युमिनियमच्या चकत्या, रिव्हेट मारून, कडेला जास्त तापमानाचं सिलिकोन. वायरिंगची, चोकच्या केबलची, स्पीडोमीटरच्या केबलची रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या कड्या) बिस्किटासारखी मोडली. नवी घातली, मिश्र मापांचा डबा 14 डॉलर. स्टिअरिंग कॉलमचं सील नवं. पॅडल बॉक्सच्या झाकणाखालचा फोम उरलाच नव्हता, तो कापून बसवला. गिअर लिव्हरचं वरचं काळं कव्हर दिसायला शाबूत होतं, पण त्याखाली पत्र्याच्या रिंगमध्ये बसणारं खरं रबर असतं, ते उभं फाटलेलं. तुमच्या गाडीतही वरच्या कव्हरवर विश्वास ठेवू नका. 16 डॉलर.

सगळं मिळून 61 डॉलर, सात तास.

15 जून

पॅडलपाशी 14 जास्त. गिअर लिव्हरपाशी 27 चे 15 झाले. एका रविवारचं काम.

16 जून

वेगळी, गंभीर गोष्ट. मागच्या वर्षीपासून लांब गेले की माझं डोकं दुखायचं. मी ते उन्हावर घालत आले. भोकं पाहिल्यावर बाबा म्हणाले की ज्या वाटेने गरम हवा येते त्याच वाटेने धूरही येतो. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आणला, 45 डॉलर. फायरवॉल बुजवल्यानंतरही सिग्नलला थांबल्यावर 40 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 40, दाखवत होता. या वायूला वास नाही, रंग नाही. माझी मुलगी मागच्या बाकावर बसते.

दोन कारणं सापडली. मॅनिफोल्ड आणि खालच्या पाइपच्या जोडावरचं गास्केट (फट बुजवणारी चकती) फुटलेलं होतं, फ्लँजच्या कडेला काजळीची जीभ उमटली होती. तिथे पितळी नट असतात म्हणून सहज सुटले. तिथे लोखंडी नट घालू नका, गंजून धरतात. दुसरं, मागच्या दाराचं रबर दगडासारखं कडक. पुढच्या खिडक्या उघड्या ठेवून गाडी पळते तेव्हा आत हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. नवं रबर 48 डॉलर.

आता मीटर 0 ते 3. डोकेदुखी गेली. या नोंदींमधलं दुसरं काही केलं नाहीत तरी हा मीटर एकदा गाडीत ठेवून चालवून बघा.

22 जून

उरलेले 14 अंश कुठून येतात? डॅशवरचं हीटरचं बटण बंद होतं, तरी इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे नेणारा होज (रबरी नळी) हाताला चटका देत होता. रबरावर फडकं गुंडाळून पकडीने होज दाबून धरला आणि तशीच एक फेरी मारली. पॅडलपाशी 9. म्हणजे पाच अंश एकट्या हीटरचे. भर उन्हाळ्यात मी हीटर लावून गाडी चालवत होते.

ही चाचणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. मॅट आणण्याआधी केली असती तर मे महिना वाचला असता.

हीटरचा नळ सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, दोन स्टडवर (बिनडोक्याच्या बोल्टांवर) बसतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उतरवलं. पहिला नट सुटला. दुसऱ्याला मी घाई केली आणि स्टड हेडच्या पातळीला मोडला. रात्रभर गंजाचं तेल, सकाळी उलट्या आट्यांचं ड्रिल. तिसऱ्या प्रयत्नात ड्रिलने तुकडा धरला आणि तो आपोआप फिरून बाहेर आला. पाच तास गेले. आधीच्या रात्री तेल सोडलं असतं आणि नट थोडा पुढे थोडा मागे असा हलवला असता तर मोडला नसता.

29 जून

नवा नळ, 42 डॉलर, नव्या गास्केटसह. पहिल्या दिवशी होज गार. आठवड्यात पुन्हा कोमट, मग गरम. नवा नळच पूर्ण बंद होत नाही. या नळांबद्दल ही तक्रार मी आधी ऐकली होती, तरी वाटलं माझा नीट निघेल.

हीटर कायमचा तोडून टाकता येत नाही. हिवाळ्यात या खोऱ्यात टुले म्हणतात ते दाट धुकं उतरतं, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, आणि काचेवर गरम हवा लागतेच. म्हणून नळ आणि हीटर यांच्यामध्ये होज कापून अर्ध्या इंचाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह घातला. 17 डॉलर, वीस मिनिटं. एप्रिलच्या शेवटी बॉनेट उघडून दांडी आडवी म्हणजे बंद, नोव्हेंबरात सरळ म्हणजे चालू. इंजिनाला यात काही धोका नाही, मूळ नळही बंद होण्यासाठीच होता.

पॅडलपाशी 9 जास्त.

6 आणि 7 जुलै

बाहेर 43. पहाटे पाचला सुरुवात, अकराला बंद.

हीटरची पेटी काढली. गरज होती, कारण डाव्या पायाच्या बुटावर रोज काळा चुरा पडत होता. पेटीतल्या झडपांचा फोम कुजून तो खाली झडत होता. फोम नसलेली झडप बंद केली तरी बंद होत नाही, आणि तापलेल्या इंजिनावरची हवा फटीतून पायावर येत राहते.

ही पेटी या गाडीतलं सर्वांत नकोसं काम आहे. फायरवॉलवरच्या खाचेत ती इतकी घट्ट बसते की जुनं सील गोंदासारखं धरून ठेवतं. एक बाजू वर उचलली की दुसरी अडकते. बाबांनी प्लास्टिकचं पातळ उलथणं आणलं, स्वयंपाकघरातलं, आणि सीलच्या कडेने हळूहळू फिरवलं. वीस मिनिटांत पेटी सुटली. लोखंडी पट्टीने मी पत्र्याचा रंग खरवडून ठेवला होता.

आत हीटरची जाळी, पानं, खारीने आणून ठेवलेला अक्रोड. जाळी उलट्या बाजूने पाणी सोडून धुतली. झडपांना बंद पेशींचा (हवा आरपार न जाणारा) फोम लावला, सहा मिलिमीटर. पेटी परत बसवली, कूलंट भरलं, आणि मग हातात एक रबरी नळी उरलेली दिसली.

ती पावसाच्या पाण्याची. काचेपुढच्या जाळीतून जे पाणी पेटीच्या खोबणीत उतरतं ते या नळीने टनेलपाशी खाली जातं. ती नसेल तर पावसात पाणी पायावर आणि उन्हात टनेलची हवा वर. पेटी पुन्हा काढली. चार तास. ही नळी पेटी बसवण्याआधीच लावा आणि बोट घालून खात्री करा.

एकूण तेरा तास, फोम आणि होज मिळून 35 डॉलर. पॅडलपाशी 7 जास्त. झडप खरोखर बंद झाल्यावर एक गोष्ट मला पहिल्यांदाच कळली: जीटीच्या मागच्या बिजागरीच्या छोट्या काचा उघडल्या की मानेमागून हवा बाहेर ओढली जाते आणि आतला वारा फिरतो. आतापर्यंत त्या काचा मी शोभेच्या समजत होते.

13 जुलै

गाडीखाली झोपण्यासारखी हवा नव्हती. पहाटे स्पार्कची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून पाहिलं, इग्निशन हवं त्यापेक्षा आठ अंशांनी मागे. स्पार्क उशिरा पडला की जळण्याचं काम एक्झॉस्टपर्यंत लांबतं आणि पाइप जास्त तापतो. दुरुस्त केलं. पायाशी फरक जेमतेम एक अंश, पण चढावर तापमानाचा काटा आता मध्यावर राहतो.

एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी घेऊन ठेवली होती, 40 डॉलर. न उघडता परत केली. माझा पाइप साध्या लोखंडाचा आहे, पट्टी ओल धरते आणि आतून गंजवते. बीडाच्या मॅनिफोल्डला तर ती गुंडाळूच नये असं माझं मत झालं आहे. कार्बोरेटरमागच्या उष्णतारोधक पत्र्यावर जुनी पांढरट गादी आहे. त्या काळातल्या अशा गाद्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती खरवडली नाही, हातही लावला नाही.

20 जुलै

पाइप आणि पायाचा पत्रा यांच्यामध्ये ढाल. एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, 60 बाय 35 सेंटिमीटर, पुठ्ठ्याचा साचा आधी कापून. 38 डॉलर. पाइप आणि गाडीचा पत्रा यांत जेमतेम 40 मिलिमीटर जागा आहे. मी 25 मिलिमीटरचे स्पेसर घातले, म्हटलं जितकी हवा तितकं चांगलं.

27 जुलै

2800 आरपीएमला ढाल पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागली. खाली पाहिलं तर पाइपने तिच्यावर चकचकीत चट्टा घासला होता. गिअर टाकताना इंजिन डोलतं, पाइप त्याच्याबरोबर हलतो, आणि ढाल मी पाइपच्या फार जवळ नेली होती. स्पेसर 12 मिलिमीटरचे केले. ढालीच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहिली पाहिजे, एवढंच लागतं. इंजिन धरून ठेवणारं डावं रबरी माउंटिंग दबलं होतं, तेही बदललं, 36 डॉलर.

आत कार्पेटखाली बंद पेशींच्या फोमचा थर दिला. ताबडतोब लक्षात आलं की ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दबत नाही. पॅडलखालचा फोम तळहाताएवढा कापून टाकला आणि कार्पेटची कड वळणार नाही अशी पक्की केली. फोम टाकल्यावर गाडी हलवण्याआधी तिन्ही पॅडल हाताने तळापर्यंत दाबून बघा. कार्पेटची कड पॅडलवर अडकली तर वेग कमी होणार नाही.

आतापर्यंत: 170 मॅट, 61 बुजवणी, 45 मीटर, 48 मागचं रबर, 42 नळ, 17 व्हॉल्व्ह, 35 हीटरची पेटी, 38 ढाल, 36 माउंटिंग, आणि कूलंट, सिलिकोन, फोम, गास्केट धरून आणखी 70. एकूण 562 डॉलर. यातले मॅटचे 170 आणि नव्या नळाचे 42 आज मी खर्च करणार नाही.

10 ऑगस्ट

तीच वाट, तीच वेळ. बाहेर 39. मागच्या छोट्या काचा उघड्या, हीटरची दांडी आडवी. प्लासरव्हिलला पॅडलपाशी 43, गिअर लिव्हरच्या बुडाशी 46. म्हणजे 4 आणि 7 जास्त. मोठ्या मागच्या काचेतून ऊन आत येतं त्याचं काही केलेलं नाही, ते राहिलं आहे.

बाबा पुढच्या आठवड्यात परत जातील. आज ते शेजारच्या सीटवर होते, चपला पायात. कॅमेरॉन पार्कपर्यंत ते हात खाली घालून टनेल चाचपत होते. शिंगल स्प्रिंग्जच्या चढावर मी आकडे सांगायला त्यांच्याकडे वळले, तर त्यांना झोप लागली होती.